जुना सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, विंडोजच ठेवू की लिनक्स टाकू? (थिंकपॅड टी४३०)

बार्शीकर
नमस्कार मंडळी. भाची यंदा अकरावी सायन्सला गेली, आयटी विषय घेतलाय, घरी मशीन पाहिजे म्हणून पुण्यातून एक जुना लॅपटॉप आणला. लेनोवो थिंकपॅड टी४३०, आय५ थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. कुठल्यातरी कंपनीने लॉटमध्ये काढलेला माल आहे, खाली ॲसेट नंबरचा स्टिकर अजून तसाच. चार्जरसकट साडेआठ हजार पडले. बॉडी दणकट आहे, कीबोर्ड तर आमच्या शाळेतल्या नव्या मशीनपेक्षा चांगला.

दुकानदाराने विंडोज १० टाकून दिलंय. चालू केला की डेस्कटॉप यायला बराच वेळ जातो, आला तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यावर अडकलेली, ब्राउझर उघडला की सगळं थांबतं. वर विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले असं वाचलं. पोरीला काय लागतं तर पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चर्स, आयटीची प्रॅक्टिकल (एचटीएमएल, पुढच्या वर्षी पीएचपी), आणि मराठी टायपिंग. गेम वगैरे काही नाही. अजून दोन-अडीच हजार घालायची तयारी आहे, त्यापेक्षा जास्त नाही. मी लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) कधी हाताळलेलं नाही पण सांगितलं तसं नीट करेन. काय टाकावं आणि कसं टाकावं, जरा सविस्तर सांगा.

तारयंत्र
मशीन चांगलं निवडलंय. २०१२ चं मॉडेल आहे पण कंपन्यांसाठी बनवलेलं, स्पेअर पार्ट अजून मिळतात, एका स्क्रूत हार्ड डिस्क बाहेर येते. त्या किमतीत नवीन काहीच येत नाही.

पण काय टाकायचं हे नंतर. आधी मशीन तपासा, म्हणजे दुकानदाराची बदलून द्यायची मुदत असेल तर त्यात कळेल. चालू करताना एफ१ दाबा, बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं मशीनचं सेटिंग) उघडेल. पासवर्ड विचारला तर लॅपटॉप सरळ परत करा, कारण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड सेल काढून घालून जात नाही, तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि कंपनीकडूनही मदरबोर्ड बदलायलाच सांगतात. मग बॅटरी काढून टेबलावर सपाट ठेवा, फुगलेली असेल तर वापरू नका, चार्जरवर थेट चालवा. मग विंडोजमध्येच क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा. दोन आकडे महत्त्वाचे, रीॲलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. दोन्ही शून्य पाहिजेत. पेंडिंगमध्ये काही असेल तर डिस्कला ते भाग वाचता येईनात असा अर्थ.

आणि बिल घेतलं ना? सेकंडहँड घेताना सिरियल नंबर लिहिलेलं बिल लागतंच, चोरीचा माल निघाला तर तेवढाच आधार असतो.

कोथरूडचा_नितीन
विंडोज ११ टाका ना सरळ. रुफस नावाच्या टूलने पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि रॅमची अट काढून टाकायचा पर्याय येतो, टिक केलं की झालं. माझ्याकडे फोर्थ जनरेशनवर चालू आहे, काही त्रास नाही.

तारयंत्र
नितीन, तुमच्याकडे रॅम किती आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आहे का हे सांगा, कारण सगळा फरक तिथेच पडतो. विंडोज ११ ला अधिकृत यादीत इंटेलची साधारण आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० लागतं. टी४३० तिसऱ्या जनरेशनचा. अट बायपास करून चढतं हे खरं आहे पण मायक्रोसॉफ्ट त्याला सपोर्ट देत नाही, महिन्याचे अपडेट सध्या येतात, वर्षाचं मोठं व्हर्जन मात्र दरवेळी परत तीच कसरत करून चढवावं लागतं. बार्शीला बसून ते कोण करणार? पोरगी अभ्यास करेल की हे करेल. शिवाय ४ जीबीत विंडोज ११ स्वतःच निम्म्याहून जास्त रॅम खाऊन बसतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. दुकानदार जे विंडोज "ॲक्टिव्हेट करून" देतात ते बरेचदा क्रॅक मारलेलं असतं. त्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करतात, मग कुठून तरी उतरवलेलं टूल ॲडमिन म्हणून चालवतात. त्या टूलमध्ये अजून काय होतं हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं. अशा मशीनवर बँकेचं किंवा शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं लॉगिन करणं मला अजिबात पटत नाही. म्हणून काहीही ठरवा, विंडोज ठेवा की लिनक्स, पण डिस्क पूर्ण साफ करून नव्याने टाका.

कोथरूडचा_नितीन
८ जीबी आणि एसएसडी आहे. ४ जीबी आणि हार्ड डिस्कवर मी पण टाकणार नाही, हे मान्य.

सेतुवाला_परभणी
दादा, लिनक्स टाकण्याआधी एकच विचारतो, घरात अजून कोणाला त्या लॅपटॉपवर काम करायचं आहे का? माझं सेवा केंद्र आहे. अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, काही सरकारी साइटच्या सह्या करायच्या युटिलिटी, हे सगळं विंडोजवरच बिनघोर चालतं. टॅली पण तसंच. लिनक्सवर यातलं काही वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर) कसंबसं उठतं पण रोजच्या गिऱ्हाइकाच्या कामाला त्यावर अवलंबून राहता येत नाही. मी स्वतः काउंटरवर विंडोजच ठेवलंय आणि घरी पोरांना मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) दिलंय. नुसता अभ्यास असेल तर मिंट बेस्ट.

आणि एमएससीआयटी करणार असेल तर तिथं विंडोज आणि एमएस ऑफिसच शिकवतात, सेंटरवरच्या मशीनवर सराव करता येतो म्हणा.

बार्शीकर
सेतुवाला दादा, नाही, फक्त भाचीसाठी आहे. एमएससीआयटी तिनं दहावीच्या सुट्टीतच केलीय.

तपासणी केली. बायोसला पासवर्ड नाही. बॅटरी सपाट आहे, पण पाऊण तास जेमतेम टिकते. बिल आहे, सिरियल नंबर त्यावर टाकून घेतला. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं दाखवतंय, कॉशन, पेंडिंग सेक्टरमध्ये आकडा आहे, शून्य नाही. आणि दरवेळी चालू करताना काळ्या स्क्रीनवर ०२७१ असं काहीतरी येतं, चेक डेट अँड टाइम. एफ१ दाबून पुढे गेलो की चालू होतो. हे काय आहे?

तारयंत्र
दोन्ही गोष्टी वयाच्या आहेत, घाबरायचं काम नाही.

०२७१ म्हणजे तारीख-वेळ चुकलेली. आतला सीमॉस सेल, म्हणजे मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल, संपलाय. सीआर२०३२ हाच सेल, पण लॅपटॉपमध्ये तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन वायरी आणि छोटं कनेक्टर लावलेला येतो, तसाच मागा, नुसता सेल आणून टेपने चिकटवू नका. किरकोळ खर्च आहे. सेल बदलेपर्यंत बायोसमध्ये जाऊन तारीख हाताने बरोबर करत जा, याला महत्त्व आहे, पुढे कळेल.

डिस्क मात्र गेली असं समजा. त्या १०० टक्क्याचं कारणही बहुतेक तेच. तुमच्या अडीच हजारातून आधी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, अडीच इंची, ७ एमएम जाडीची. एम.२ वाली पातळ पट्टी घेऊ नका, मुख्य डिस्कच्या जागी ती बसणार नाही. उरलेल्या पैशात जुनी ४ जीबीची रॅम. लॅपटॉपची डीडीआर३ मागायची, डीडीआर४ ची खाच वेगळी असते, बसत नाही. डीडीआर३एल मिळाली तरी चालते. एकूण ८ जीबी झाली की दहा टॅब उघडले तरी फरक पडणार नाही. दोन्ही जमत नसेल तर एसएसडी आधी. प्रोसेसर तोच राहतो, पण हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे फिरत बारक्या बारक्या फायली वाचतं त्यात सगळा वेळ जातो, एसएसडीला फिरायचंच नसतं. जुन्या मशीनवर पैसे लावायचे तर इथेच लावावेत, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

मेघना_ठाणे
बाबांच्या जुन्या डेल लॅटिट्यूडला मी हेच केलं, एसएसडी आणि लिनक्स मिंट. ते निवृत्त आहेत, पेपर वाचतात, मेल बघतात, भावाशी व्हिडिओ कॉल करतात. काही अडत नाही. बार्शीकर काका, मी टाकलं तसं सांगते, तारयंत्र दादा कुठे कमीजास्त वाटलं तर सांगा.

मिंटचं २२ मालिकेतलं व्हर्जन घ्या, ते उबंटू २४.०४ वर आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे भाचीचं बारावी होऊन डिग्री सुरू होईपर्यंत काळजी नाही. त्यात तीन प्रकार येतात, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन दिसायला छान, पण तुमच्या मशीनला एक्सएफसीई घ्या, सगळ्यात हलकं तेच. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, घड्याळ, सगळं विंडोजसारखंच असतं त्यामुळे पोरीला वेगळं शिकवायला लागणार नाही.

बार्शीकर
एसएसडी आणि रॅम सोलापूरहून मागवली, दोन्ही मिळून बजेटच्या आत बसलं. पण डाउनलोड करायला गेलो तर फाइल जवळपास तीन जीबीची, माझा पॅक रोजचा दीड जीबी. निम्म्यात तुटतंय आणि ब्राउझर परत शून्यापासून सुरू करतो.

मेघना_ठाणे
मिंटच्या साइटवरच टॉरंट लिंक असते काका, ती वापरा, अगदी कायदेशीर आहे. आज जेवढं उतरलं तेवढं राहतं, उद्या नवीन डेटा आला की तिथूनच पुढे. शिवाय टॉरंट प्रत्येक तुकडा तपासून घेतं त्यामुळे फाइल अर्धवट किंवा खराब होत नाही. ब्राउझरने उतरवली तर मात्र शा-२५६ (फाइलवरून काढलेला तपासणीचा कोड) जुळवून बघायचंच, मिंटच्या पानावर ती लांबलचक अक्षरं दिलेली असतात, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल (certutil) नावाची कमांड आहे तिने तुमच्या फाइलची काढायची आणि दोन्ही एकच आहेत का बघायचं. हे लोक टाळतात आणि मग मध्येच इन्स्टॉल फसलं की लिनक्सला नावं ठेवतात.

कऱ्हाडी_विजय
शाळेत शिक्षक आहात ना सर, शाळेच्या नेटवर पेन ड्राइव्हमध्ये घ्या की. फायबर असंल तर चहा पिऊन होईस्तोवर येतंय.

बार्शीकर
टॉरंटने दोन टप्प्यात उतरली. शाळेचं नेट पोरांच्या कामासाठी आहे, घरच्या कामाला नको वाटतं. आता पुढे?

मेघना_ठाणे
८ जीबीचा किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, आधी कॉपी काढून ठेवा. दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या मशीनवर रुफस किंवा बलेनाएचर उतरवा, आयएसओ (उतरवलेली मिंटची फाइल) निवडा, पेन ड्राइव्ह निवडा, स्टार्ट. नुसती आयएसओ फाइल पेन ड्राइव्हमध्ये कॉपी-पेस्ट करून बूट होत नाही, हे बरेच जण करतात.

मग लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा, चार्जर आणि बॅटरी काढूनच हे काम करा. मग बॅटरी परत बसवून चार्जर लावा. चालू करताच एफ१२ दाबत राहा, बूटची यादी येईल, त्यात पेन ड्राइव्ह निवडा. (इतर कोणी वाचत असेल तर, डेललाही एफ१२, एचपीला एफ९.) बायोसमध्ये स्टार्टअपच्या पानावर यूईएफआय/लेगसी (बूट व्हायची नवी/जुनी पद्धत) असा पर्याय असतो तो यूईएफआय ओन्ली करा, म्हणजे नंतर गोंधळ नाही.

पेन ड्राइव्हवरून मिंट तसंच चालू होतं, काहीही न टाकता. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी वायफाय जोडून बघा, आवाज, कॅमेरा, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त, झाकण लावून झोपतो का आणि परत उठतो का, सगळं बघा. पटलं तरच पुढे जायचं.

तारयंत्र
मेघना यांनी उत्तम सांगितलंय. वायफायबद्दल पुढच्या वाचकांसाठी भर घालतो: इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर बहुतेक आपोआप चालतं. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपना ड्रायव्हर वेगळा लागतो आणि तो उतरवायला नेट लागतं. तेव्हा फोन यूएसबी केबलने जोडून टिथरिंग चालू करायचं, लॅपटॉपला ते तारेचं नेट वाटतं, मग मेनूतल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकायचा आणि रीस्टार्ट.

आणि बार्शीकर, तुमच्या भागात लाइट जाते का? बॅटरी पाऊण तासाची आहे तर इन्स्टॉल चालू असताना ती लावलेली असू द्या. मध्येच बंद पडलं तर मशीनला काही होत नाही, पण डिस्क अर्धवट राहते, परत पहिल्यापासून करावं लागतं.

बार्शीकर
पेन ड्राइव्हवरून चालू झालं!! वायफाय लगेच दिसलं, आवाज येतोय, कॅमेरा चालू. पण फायरफॉक्समध्ये एकही साइट उघडेना. वॉर्निंग, सिक्युरिटी रिस्क असं काहीतरी, गूगललाही तेच. नेट तर जोडलेलं दाखवतंय. फोनवर त्याच वायफायवर सगळं चालू आहे. लिनक्समध्ये असंच असतं का?

तारयंत्र
नाही, घड्याळ बघा. उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे?

बार्शीकर
१ जानेवारी २०१२.

तारयंत्र
म्हणूनच सेलचं आधी सांगून ठेवलं होतं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं. तुमचं मशीन समजतंय आपण २०१२ मध्ये आहोत, मग आजची सगळी सर्टिफिकेटं त्याला भविष्यातली वाटतात आणि ते नाकारतं. ते बरोबरच वागतंय. तारीख हाताने आजची करा. इन्स्टॉलच्या आधीच करा, कारण अपडेट उतरवतानाही हीच अडचण येते, सर्व्हरवरची यादी "अजून लागू झालेली नाही" असं म्हणून सोडून देतं.

बार्शीकर
केली, लगेच सगळ्या साइट उघडल्या. दुकानात मला "वायफाय कार्ड गेलंय" असं कोणी सांगितलं असतं तर मी ते खरं मानून बदलून घेतलं असतं. खरंच आभार. आता इन्स्टॉलवर क्लिक करतोय, भाषा विचारतोय, मराठी पण आहे यादीत.

मेघना_ठाणे
भाषा तुम्हाला सोयीची घ्या काका. माझं मत, मशीन इंग्रजीत ठेवा कारण आयटीच्या पुस्तकात आणि इंटरनेटवर मदत शोधताना मेनूची नावं इंग्रजीतच असतात, पोरीला जुळवायला सोपं जाईल. मराठी टायपिंग त्याने अडत नाही.

पुढे मल्टिमीडिया कोडेकची टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. मग इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल. एसएसडी नवी आहे आणि जुनी डिस्क बाहेर आहे त्यामुळे इथे निर्धास्त. (विंडोज ठेवून बाजूला टाकणाऱ्यांनी मात्र इथे हे निवडू नका, सगळं जातं.) टाइम झोन नकाशात कोलकाता असं दाखवेल, आपला तोच. शेवटी नाव आणि पासवर्ड. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, काही टाकताना दरवेळी तो विचारला जातो.

बार्शीकर
झालं. पंधरावीस मिनिटात संपलं, मध्ये लाइट गेली होती पण बॅटरीने धरलं. पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगितलं, रीस्टार्ट झाला आणि डेस्कटॉप कधी आला कळलंच नाही. हाच लॅपटॉप आहे यावर भाचीचा विश्वास बसेना.

दोन प्रश्न राहिलेत. यूट्यूब १०८० ला लावलं की पंखा जोरात फिरतो आणि चित्र अडखळतं. आणि मराठी कसं टाइप करायचं? तिला मराठीचे निबंध आणि प्रोजेक्ट करायचेत.

तारयंत्र
यूट्यूबचं कारण असं की ते हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं. तुमच्या जुन्या इंटेल ग्राफिक्सला ते हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, एच.२६४ येतं. मग सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्सला एन्हान्स्ड-एच२६४-इफाय (enhanced-h264ify) नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबला एच.२६४ च पाठवायला लावतं. आणि लेक्चर ७२० ला बघा, फळ्यावरचं व्यवस्थित वाचता येतं, डेटाही वाचतो.

रानजाई
मराठीचं मी सांगते, मी रोज यावरच लिहिते. मेनूत कीबोर्ड उघडा, लेआउटच्या पानावर सिस्टिमचं सेटिंग वापरा अशी टिक असते ती काढा, ॲड करा, यादीत इंडियनखाली मराठी शोधा. एक एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आहे आणि एक कागप फोनेटिक. तिला इंग्रजी कीबोर्डची सवय असेल तर कागप, क ला के दाबायचं, म ला एम, जोडाक्षराला मध्ये एफ. पुढेमागे सरकारी नोकरीची टायपिंगची परीक्षा डोक्यात असेल तर तिथे कुठला कीबोर्ड लागतो ते आधी विचारा; इनस्क्रिप्ट घेतलं तर महिनाभर हात अडखळेल, मग वेग चांगला येतो. भाषा बदलायला एक की ठरवून द्या.

हे युनिकोडमध्ये लिहिलं जातं म्हणजे मेलवर, फोनवर, कुठेही तसंच दिसतं. शाळेतून श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या वर्ड फायली आल्या तर मात्र इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसेल. फाइल खराब नसते, जुना फॉन्ट वेगळ्या पद्धतीने भरलेला असतो. त्यासाठी युनिकोड कन्व्हर्टर मिळतात, बदलून घ्या आणि रफार, वेलांट्या एकदा डोळ्यांखालून घाला, तिथेच चुका राहतात. लिब्रेऑफिस मिंटमध्ये आधीपासून आहे, प्रोजेक्टला पुष्कळ. सरांना द्यायची फाइल पीडीएफ करून द्यायची म्हणजे त्यांच्या मशीनवर मांडणी हलत नाही.

विदर्भी_पोट्टा
भाऊ मधातच विचारतो, माझ्याकडं एक छोटा नेटबुक हाय, ॲटम एन२७० आणि १ जीबी रॅम. त्यावर मिंट चढन का? पेन ड्राइव्ह लावला तर धिस कर्नल रिक्वायर्स एक्स८६-६४ म्हनते.

तारयंत्र
नाही चढणार. एन२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर, तो मेसेज तेच सांगतोय. उबंटूने ३२ बिट केव्हाच सोडलं, डेबियननेही १३ व्या व्हर्जनपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला. डेबियन १२ अजून आहे आणि त्याच्यावर बनवलेलं अँटिएक्स २३ चं ३२ बिट आहे, ते १ जीबीत खरंच चालतं. पण खरं सांगायचं तर त्यावर यूट्यूब किंवा आजच्या जड साइट चालणार नाहीत. नुसतं लिहायला, पीडीएफ वाचायला, गाणी लावायला ठेवायचं असेल तर जरूर टाका. त्यासाठी पैसे मात्र घालू नका.

विदर्भी_पोट्टा
लिहाले पाहिजे बस. अँटिएक्स टाकतो. धन्यवाद भाऊ.

कोथरूडचा_नितीन
या धाग्यामुळे मी पण मिंट टाकलं, विंडोजच्या शेजारी. छान चाललंय पण मिंटमधून परत विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. सेल नवीन आहे.

मेघना_ठाणे
सेल नाही, दोघांचा घड्याळ वाचायचा प्रकार वेगळा. मिंट आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं, विंडोजला वाटतं आतली वेळ हीच भारताची वेळ. मिंटच्या टर्मिनलमध्ये एकच कमांड द्या, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (timedatectl set-local-rtc 1), मग दोघं एकच वेळ धरतील. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

बार्शीकर
एक्स्टेन्शन टाकलं, ७२० ला पंखा शांत. भाचीने कागप घेतलंय आणि मामाला मराठीत मेल पण केला. पीएचपीच्या प्रॅक्टिकलला काय लागेल?

तारयंत्र
सॉफ्टवेअर मॅनेजरमधून अपाचे (वेब सर्व्हर) आणि पीएचपी टाका, दोन्ही फुकट आहेत, लिहायला जीनी नावाचा हलका एडिटर. कॉलेजात विंडोजवर झॅम्प (XAMPP, हेच सगळं एकत्र असलेलं पॅकेज) वापरत असतील, कोड तोच राहतो, फक्त फायली ठेवायचा फोल्डर वेगळा. आणि टाइमशिफ्ट आजच चालू करून ठेवा, आठवड्याला एक स्नॅपशॉट. पोरगी शिकताना काही मोडलं तर शेवटच्या स्नॅपशॉटच्या स्थितीत परत नेता येतं, मग तिला बिनधास्त प्रयोग करू द्या, मशीन हाताळायला ती तशीच शिकेल. फक्त टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं, तिच्या नोट्स आणि प्रोजेक्ट नाही, त्याची कॉपी पेन ड्राइव्हवर वेगळी.

बार्शीकर
त्याच कॉपीसाठी ती जुनी ३२० ची डिस्क केसमध्ये घालून वापरू का? पुसायच्या आधी आत बघितलं तर आधीच्या कंपनीचे काही फोल्डर दिसले, कोणाचे तरी पगाराचे कागद पण आहेत.

तारयंत्र
ते फोल्डर उघडू नका, कुठे कॉपी पण करू नका. कंपनीने विकताना पुसायला हवं होतं, पण ज्यांचे कागद आहेत त्या माणसांची त्यात काही चूक नाही. केसमध्ये घालून मिंटमधलं डिस्क्स ॲप उघडा, डाव्या बाजूला ती ३२० वालीच निवडली आहे ना हे दोनदा बघा, फॉरमॅट डिस्क, आणि इरेझमध्ये शून्य लिहून पुसायचा पर्याय घ्या. नुसतं क्विक फॉरमॅट केलं तर मागचं सगळं रिकव्हरी टूलने परत निघतं. काही तास लागतील, रात्री लावून ठेवा. पेंडिंग सेक्टर आहेत त्यामुळे मध्येच एरर देऊन थांबलीच तर आतली चकती फोडून ई-कचऱ्यात द्या. पूर्ण पुसली गेली तरी त्यावर पोरीच्या नोट्सची एकुलती एक कॉपी ठेवू नका.

बार्शीकर
आज रात्री लावतो. नोट्ससाठी वेगळा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतो. सीमॉसचा सेल पण आला, रविवारी बसवून घेतो आणि ०२७१ गेलं का ते इथे लिहितो.